मांडवपरतणीचा सांगावा

मावशी,

परवा लेक पुण्याहून आली आणि तिनं टीव्हीवर एक परदेशी संगीत नाटक लावलं. ऑपेरा म्हणतात त्याला. सगळं गाऊनच, भांडणसुद्धा गाऊन! मी आपली शेंगा फोडत बसले होते. भाषा कळंना, लेक मधूनमधून सांगत होती. एका गाणाऱ्या बाईवर घरंदाज माणसाचा जीव जडतो, आणि घराच्या अब्रूपायी तिला जा म्हणतात. ती जाते, झुरून मरते. शेवटी तिनं असा सूर लावला की माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. पाट्यावर चटणी वाटताना तुम्ही असंच गायचात, आणि दारात कुणाची चाहूल लागली की गपकन थांबायचात. "आई, रडतीयस का?" लेक म्हणाली. मी म्हटलं, "फोलपट गेलं डोळ्यात."

आई गेली तेव्हा मी सात वर्षांची. वर्षभरानं अण्णांनी तुम्हाला गावी, वाशीला, आपल्या घरात आणलं. संगीतबारीत नाचगाणं करणारी बाई म्हणून गल्ली तुमच्या हातचं पाणी पीत नव्हती. लग्न लागलेलं नव्हतं, तरी पायातले चाळ सोडून तुम्ही आमची चूल धरलीत. माझ्या उवा काढल्यात, टायफाईडमध्ये उशाशी बसून राहिलात. शाळेत मी मैत्रिणींना सांगितलं की ही आमची स्वयंपाकीण. ते तुमच्या कानावर आलं तेव्हा मला वाटलं, आता पाठीत धपाटा बसणार. तुम्ही ताट पुढं सारलंत. "सैपाकीण तर सैपाकीण. पर भाकर गरम हाय तवर खा." त्यापेक्षा धपाटा परवडला असता.

माझं लग्न ठरलं त्या आठवड्यातलं सांगते. तुम्ही भाकरी थापताय, मी दाराला टेकून उभी आहे. "मावशी, सासरच्यांनी अट घातलीय. तुम्ही घरात दिसायला नको म्हणतात. लग्न होईपर्यंत तुमच्या गावी सोनारीला जाऊन राहता का?" तव्यावरची भाकरी उलटायची राहिली, करपली. ती काढून बाजूला ठेवत तुम्ही विचारलंत, "अण्णास्नी ठावं हाय का?" मी म्हटलं, "त्यांना नका सांगू, ते लग्नच मोडतील." "व्हय, मोडतील," तुम्ही म्हणालात. "मग मीच माझ्या मनानं गेले म्हणून सांग. तुजं लगीन मोडाय नगं बाई. फकस्त एक कर. मांडवपरतणीला बोलीव मला. मांडव काढायच्या आत तुला हिरव्या चुड्यात एकडाव बघते."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं तुम्ही गेलात. अण्णांना वाटलं, बाईला बारीची ओढ लागली. चार दिवस जेवले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "तिचं नाव काढायचं न्हाय या घरात." आणि मी? मी मेहंदी काढून घेत होते.

लग्नानंतर मी मांडवपरतणीला माहेरी आले तेव्हा मांडव उभाच होता. सोनारीहून एक म्हातारी तुम्ही धाडलेला भैरवनाथाचा अंगारा घेऊन आली. "इचारलंय, येऊ का म्हणून." माझ्याबरोबर सासूबाई होत्या. मी तिला मागच्या दारी नेऊन म्हटलं, "पंचमीला बोलावते म्हणावं." पंचमी आली, गेली. दुसरीही गेली. तिसऱ्या पंचमीच्या आधी तीच म्हातारी सांगत आली की तुम्ही गेलात. अण्णांना मी तेव्हाही काही सांगितलं नाही. तेसुद्धा तुमच्यावर रागावूनच गेले. लाज वाटते, मावशी. या वयात आरशापुढं उभं राहायची लाज वाटते.

हे पत्र लेकीला दाखवावं असं दोनदा मनात आलं. नाही दाखवणार, तेवढी छाती नाही माझी. डाळीच्या डब्याखालच्या कागदात घालून ठेवते.

त्या नाटकात बाईला जा म्हणायला कुणीतरी मोठं माणूस येतं. आपल्याकडं कुणी आलंच नव्हतं. सासरच्यांनी कसलीही अट घातली नव्हती, मावशी. बघायला आले तेव्हा आत बायकांच्या पंगतीत जेवताना सासूबाई म्हणाल्या, "भाकरी कुणी केल्यात? लई गोड हायत. बोलवा की त्यांना, बसू द्या आमच्यात." तुम्ही आतून पदर सावरत उठलात, मला दिसलं. मी घाईनं म्हटलं, "आमची स्वयंपाकीण हाय ती." ते खोटं उघडं पडू नये, एवढ्यासाठीच तुम्हाला सोनारीला धाडलं.