तिसऱ्या खेपेचा फज

सौभाग्यवती गृहस्वामिनींस,
दूरस्थ आचाऱ्याचा सप्रेम नमस्कार.

प्रथम एक गंभीर तक्रार. प्रोटीन पावडरच्या डब्यातला चमचा कायम तळाशी पुरलेला असतो. त्याचं उत्खनन करेपर्यंत माणूस कोपरापर्यंत पांढरा होतो.

डॉक्टरांनी तुला मऊ आणि अंगी लागेल असं खायला सांगितलंय, म्हणून साखरेऐवजी खजूर घालून कोकोचा फज करतोय. पहिल्या दोन्ही खेपांना पावडर गॅसवरच घातली आणि रबर झालं. शेजारचा सुतार चावून म्हणाला, "काका, याला चपलेचा तळ करा." आता पातेलं उतरवून, कोमट झाल्यावर घालतो. वड्या छान मऊ झाल्यात. शनिवारी मेहुण्यांबरोबर डबा पाठवतो. रोज दोन खा, नाक न मुरडता.

माझं उत्तम चाललंय. धाकटी अभ्यासाला बसते ना?

काल ताईनं फोनवर तुझं वजन सांगितलं. अडतीस किलो. मी "बरं" म्हणालो आणि ढवळत राहिलो. तेव्हापासून काही वाटेनासंच झालंय. वडी खाल्ली, तर गोड आहे की नाही, तेही कळलं नाही. तू चाखून सांग.

तू माझ्याआधी जाशील, याची मला भीती वाटते.

तुझेच,
अहो