नळाला बांधलेली तार

६ मे १९९७, मंगळवार

इंदुबाई गेली! आमच्या शेजारची, भिंतीला भिंत लागून. दुपारी कळशी घेऊन चाळीच्या नळावर गेली, तोटीला हात लावला आणि चिकटलीच. मी ओट्यावर पापड वाळत घालत होते. ओरडलीसुद्धा नाही. सरलाबाईनं लाकडी धोपाटण्यानं हात सोडवला — उशीर झाला होता.

मारुतीला साइटवरून आणलं. हाताला सिमेंट तसंच. "सकाळी भाकरी करून दिली की मला," एवढंच म्हणत राहिला. त्यांची शीतल आठ वर्षांची. शाळेतून आली तर घरापुढं ही गर्दी.

७ मे

वायरमन भूपेंद्र आला. काल सकाळीच चाळमालक शेठनं नळाचा गंजलेला पाइप कापून जमिनीलगत प्लास्टिकचा तुकडा घातला होता. भूपेंद्र म्हणाला, "पाइपात करंट आला तर आधी जमिनीत उतरायचा. आता वाटच बंद."

सगळी नवागामची चाळ शेठच्या अंगावर! "मने शी खबर? मला काय ठाऊक?" असं गुजराती-मराठीत म्हणत तो रडत होता. पोलीस त्याला घेऊन गेले. मीही दोन शिव्या दिल्या.

पण करंट आला कुठून?

८ मे

आमच्याकडून.

भूपेंद्र पाइपाला टेस्टर लावून एकेका खोलीची लाइट बंद करत गेला. आमचा कूलर बंद केला, टेस्टर विझला. मागच्या उन्हाळ्यात कूलरचा पत्रा झटके द्यायचा, म्हणून यांनीच तिथून तार काढून पाइपाला बांधली होती. मला करंट लागू नये म्हणून! वर्षभर काही झालं नाही.

"निंबाभाऊ, पाइप लोखंडी होता तोवर तार काम करत होती," भूपेंद्र यांना हळूच म्हणाला. "पण कूलर दुरुस्त करायला पाहिजे होता." तार सोडवली, खिशात घातली. कुणाला बोलणार नाही म्हणाला.

हे कॉटवर बसून राहिले. मग म्हणाले, "चूप ऱ्हाय. शेठले पोलीस धरी लई गयात ना!"

चूप राहिले.

१२ मे

शीतल आमच्याकडेच जेवते. आज वेणी घालताना तिनं विचारलं — "मावशी, आईला लई दुखलं का?" हे ताटावरून उठले, हात न धुता बाहेर गेले.

तिचे केस इंदुबाईसारखेच. जाड.

१३ मे

मारुतीला सांगितलं. सगळं. यांना विचारलं नाही.

शीतल त्यांच्या घरी, मी नेलेल्या आमच्या ताटात जेवत होती. त्यानं ते तिच्या पुढून उचललं, उंबऱ्याबाहेर ठेवलं आणि दार लावलं.

१४ मे

हे सकाळी पोलीस चौकीत गेले. स्वतःहून. डबा नेला नाही.