जातं थांबल्यावरचं बोलणं

कर्जत, २ ऑक्टोबर १९७२

चि. आबासाहेब यास गहिनीनाथकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

टेपचा डबा बन्सीबरोबर पाठवला आहे. पोचल्याचं लगेच लिही, जीव टांगणीला आहे. गेल्या दिवाळीत तुझी काकू मनकर्णा दळताना तू तिच्या ओव्या टेपवर भरल्यास, त्या तिच्या तेराव्याला वाजवल्या. जातं थांबल्यावर ती तिच्या बहिणीशी, भागूबाईशी, काही बोलते. मी भागूबाईला विचारलं, तर ती म्हणाली, नुसती घरघर आहे. सगळेच तसं म्हणाले. तुझं मशीन हलकं, दुसरं काय! तुझ्या मालकाच्या पाच हजारांच्या जर्मन मशीनवर लावून बघ आणि ती काय बोलते ते कळव. माझ्याआधी सवाष्ण जावं म्हणून तिने तीस वर्षं सोमवार धरले. माझंच काही म्हणत असेल.

लोभ आहेच, तो पत्रातून दिसू दे.

पुणे, ९ ऑक्टोबर

ती. काकांस आबासाहेबाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

डबा पोचला. दोन्ही मशीनवर वाजवलं. काडीचा फरक नाही. परवा दोन्हींवर चादर टाकून मालकांच्या तीन बड्या गिऱ्हाइकांना गाणं ऐकवलं. दोघांनी माझ्याच खटाऱ्याला जर्मन म्हटलं, तिसरे नुसता चहा पिऊन गेले. तेव्हा एवढ्यासाठी यष्टीचे धक्के खात येऊ नका. ओव्या गोड आहेत, तेवढ्याच ऐकाव्यात.

लोभ कमी करू नये.

कर्जत, २० ऑक्टोबर

चि. आबासाहेब यास आशीर्वाद.

मंगळवारी मी तुझ्या दुकानात येऊन गेलो. तू जेवायला गेला होतास. मालकाने खुर्ची दिली, जर्मन मशीन लावलं. मनकर्णा भागूला म्हणते, सवाष्ण मरन मागते ते कुंकवासाठी न्हाई गं, ह्यांच्या हातातनं सुटायला मागते. मालकाने मशीन बंद केलं आणि फडक्याने पुसत बसला. धूळ काही नव्हती.

मी विचार केला. महाग मशीन आवाजात पदरचं घालत असणार, त्याशिवाय पाच हजार कोण देईल? मी हात उचलला असेल, पण कुठला नवरा उचलत नाही? मीठ जास्त पडलं, पाणी उशिरा आलं, तेवढ्यापुरताच. तुझं साधं मशीन खरं. त्यावर ती असं बोलत नाही, एवढं दोन ओळींत लिही. वर्षश्राद्धाला मला चार माणसांत बसायचं आहे.

काकावर माया ठेव.

पुणे, २५ ऑक्टोबर

ती. काकांस शि. सा. नमस्कार.

फरक नाही असं मी लिहिलं होतं, ते खरंच होतं. माझ्या मशीनवरही काकू तेच बोलते, तितकंच स्वच्छ. तेराव्याला पडवीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं. भागूमावशी उठून चुलीकडे गेली ती त्यामुळेच. तुम्हाला शब्द ऐकू आले नाहीत, कारण तेव्हा तुम्ही मोठ्याने पाहुण्यांना काकूचे सोमवार सांगत होतात.

वर्षश्राद्धाला टेप पुन्हा लाव, असा भागूमावशीचा निरोप आहे. मी मशीन घेऊन येतो. माझंच, हलकं.

लोभ उरला असेल तेवढा असू द्यावा.

आबासाहेब