सूचना क्रमांक एकोणीस

२ मार्च २००८, रविवार

एकेचाळीस सूचना आल्या आहेत — ठेवायच्या फक्त बारा! जगभरचे स्वयंसेवक मिळून विनामूल्य बनवतात त्या आमच्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी विद्यार्थ्यांनी उन्हाळ्यात कोणती कामे करावीत, ही निवड मंडळींनी माझ्यावर सोपवली. मी वाणिज्य पदवीधर. प्रोग्रामची एक ओळ मला लिहिता येत नाही. तरीही देशोदेशींच्या या स्वयंसेवकांनी चार वर्षे माझी काटेकोर पत्रे सोसली, हे त्यांचे उपकारच.

नियम दोन. काम तीन महिन्यांत संपणारे हवे. मार्गदर्शक आधीच नावानिशी ठरलेला हवा.

नीलिमा म्हणाली, "पगार नाही, पण साहेबाचा थाट बघा!" सौभाग्यवतींचे म्हणणे अगदीच खोटे नाही.

४ मार्च

सव्वीस बाद. त्यांत एकोणिसावी माझी स्वतःची — सिस्टिम संगणकावर बसवण्याची सगळी प्रक्रिया बोलकी करणे. अंदाज आठ महिने. स्वतःची म्हणून सवलत देणे योग्य नव्हे.

५ मार्च

नवघरला धर्माजींकडे गेलो. साखरेने दृष्टी गेल्यापासून ते पीसीओ चालवतात. शेजारीच लोकांचे अर्ज टाइप करून देतात. सिस्टिम एकदा बसली की संगणक त्यांना पडदा वाचून दाखवतो. बसवताना मात्र तो मुका! म्हणून दर नव्या आवृत्तीला मी शेजारी बसून वाचतो, ते कळा दाबतात.

सूचना खोडल्याचे सांगितले. जड गेले.

"आठ म्हयने? सगला कोनी मागला तुझ्याकं? आता काय इचारतंय, तवरा बोलला तरी बास हाय. बोटां माझी हायत ना!" मग हसून म्हणाले, "तू वाचतंस म्हंजे सवाल कमी, भाषन जास्ती."

इतके दिवस त्यांच्या शेजारी बसलो, आणि सूचना लिहिताना त्यांनाच विचारले नाही!

६ मार्च

नव्याने आखली. फक्त प्रश्न मोठ्याने वाचायचा, बाकी काही नाही. दहा आठवडे. मार्गदर्शक — रिकामे. कोणी होईल का, असे सर्वांना लिहून विचारले. मुदत सोमवारची.

९ मार्च

कोणीही नाही.

१० मार्च, सोमवार

सकाळी एकोणीस क्रमांक पुन्हा खोडायला बसलो. त्याआधी ई-टपाल उघडले — फिनलंडच्या बाईंचे पत्र. माहितीपुस्तकातल्या स्वल्पविरामांवरून ज्यांच्याशी मी सहा महिने वाद घातला, त्याच! "तुमचे नियम मला पाठ झाले आहेत. रिकाम्या जागेत माझे नाव लिहा."

उत्तरात आभार तीनदा मानले गेले. एकदा पुरेसे होते. तरी खोडले नाही.

२१ एप्रिल

एकोणीस क्रमांकाला विद्यार्थिनी मिळाली — नागपूरची संचिता. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "सर, वापरणाऱ्यांशी बोलता येईल का?" धर्माजींचा नंबर कळवला. जे मला सुचले नाही, ते तिला पहिल्याच दिवशी सुचले.

३० ऑगस्ट

काम पूर्ण. नव्या आवृत्तीत समाविष्ट.

२१ सप्टेंबर, रविवार

नव्या आवृत्तीची सीडी काल धर्माजींकडे पोचवली. आज नेहमीप्रमाणे चष्मा घेऊन निघालो, चपला चढवल्या, तोच त्यांचा फोन.

"भाऊ, येव नको. तो माला इचारतंय, मी सांगतंय. ठेव आता — फुडचा सवाल आयलाय!"