मागच्या खोलीची हरकत

३ मार्च

आले एकदाची माझ्या घरात! छप्पन्न वर्षांत माझ्या नावावर झालेली पहिली वस्तू म्हणजे शिवणयंत्र आणि दुसरी हे घर. मधे काही नाही. एकोणीस वर्षं ताईकडे बाहेरच्या खोलीत पडदा लावून झोपले. पाहुणे आले की तो पडदाही काढायचा. आता पडदे लावीन ते माझ्या खिडक्यांना.

घर बँकेने जप्त करून लिलावात काढलेलं. आधीच्या मालकाचे हप्ते थकले आणि तो किल्ल्या बँकेत टाकून निघून गेला. मधला एजंट मोठा गोड माणूस आहे. नळ गळतो म्हटलं, होऊन जाईल. भिंतीला ओल आहे म्हटलं, होऊन जाईल. मी त्याचं नावच होऊनजाईल ठेवलंय. जुडग्यात मागच्या खोलीची किल्ली नव्हती, त्यावरही त्याचं उत्तर तेच.

टेप घेऊन सगळं मोजून काढलं. बत्तीस वर्षं मुलींना कटिंग शिकवलं, मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. बैठकीची खोली चौदा फूट बाय अकरा. यंत्र खिडकीपाशी ठेवलं, उन्हात बसून दोन अभ्रे शिवले आणि उगाचच हसत राहिले.

५ मार्च

वकीलबाई कागद तपासत होत्या, त्यांचा निरोप आला. नोंदणी कचेरीत एक जुनं मृत्युपत्र निघालंय. घर बांधणाऱ्याने घर मुलाला दिलं, पण आपल्या बिनलग्नाच्या बहिणीला मागच्या खोलीत तहहयात राहण्याचा हक्क ठेवला. म्हणजे घर कितीही वेळा विकलं गेलं तरी ती जिवंत असेपर्यंत तिला कोणी हलवू शकत नाही. आज ती एकशे सोळा वर्षांची असती. पण तिच्या मृत्यूची नोंद कुठेच नाही, आणि तोवर माझी मालकी निर्वेध नाही.

होऊनजाईलला फोन केला तर त्याला सगळं ठाऊक होतं! म्हणाला, बाई कधीच गेली असणार, एवढं मनाला लावून घेऊ नका. वर सुचवलं की फारच वाटत असेल तर घर परत विकून देतो, जा बहिणीकडे. मी त्याची अशी खरडपट्टी काढली की पठ्ठ्याने ‘होऊन जाईल’ न म्हणताच फोन ठेवला. मी इथून हलत नाही.

७ मार्च

वकीलबाईंनी पेपरात जाहीर नोटीस दिली. सदर घरावर कोणाचा हक्क असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे, न कळवल्यास असा हक्क व असा हक्कदार अस्तित्वात नाही असे समजले जाईल. वाक्य मला फार आवडलं. कापून आरशाला चिकटवलं.

मग जरा वाईट वाटलं. भावाच्या घरातली मागची खोली आणि बहिणीच्या घरातला पडदा, फरक तो काय? पण म्हणून मी माझं घर सोडू? मुळीच नाही.

१० मार्च

कुलूपवाल्याला बोलावलं. त्याने मागच्या खोलीच्या दाराच्या फटीतून बॅटरी मारली आणि हत्यारं परत पिशवीत भरली. म्हणाला, या दाराला कुलूप नाहीच, आतून कडी आहे. आणि कडीला ताजं तेल आहे. मजुरी न घेताच गेला.

घराला वळसा घालून मागची खिडकी पाहिली. काचेवर बाहेरून बोटभर धूळ. आतून मात्र कोणीतरी हातभर गोल पुसून ठेवलाय.

परत येऊन दारासमोर उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं की चौदातले तीन दिवस संपले.

१३ मार्च

वकीलबाईंच्या कचेरीत टपालाने हरकत आली. पाठवणारीचा पत्ता हेच घर. सही जुन्या कागदावरच्या तिच्या सहीशी तंतोतंत जुळते. लिहिलंय की मी हयात आहे, मागच्या खोलीत राहते. दहा दिवसांपासून कोणी बाई पुढच्या दाराने शिरून यंत्र लावून बसली आहे, तिच्या खडखडाटाने माझी दुपारची झोप होत नाही.

वकीलबाईंनी सही दोनदा ताडून पाहिली होती. मी म्हटलं, हे होऊनजाईलचे उद्योग. मला हुसकून घर दुसऱ्याच्या गळ्यात मारायचंय त्याला. मुद्दाम दोनपासून चारपर्यंत यंत्र चालवलं.

१४ मार्च

आज पेपरात दुसरी नोटीस. तिची! सदर घरात आपण राहतो असा कोणाचा दावा असल्यास सात दिवसांत लेखी कळवावे, न कळवल्यास अशी व्यक्ती अस्तित्वात नाही असे समजले जाईल.

वकीलबाई म्हणाल्या, चार ओळी लिहून द्या, आपलं काय जातंय. मी साफ नकार दिला. माझ्याच घरात मी राहते, याचा अर्ज मी करायचा? एकोणीस वर्षं विचारून पंखा लावला, विचारून बंद केला. पुरे झालं.

ती नोटीस पेपरातून फाडून काढली आणि मागच्या दाराखाली अर्धी सरकवली.

उरलेली अर्धी आतून ओढली गेली.

१७ मार्च

वाण्याने माझ्या मागच्या गिऱ्हाइकाला आधी माल दिला. मग त्याच्या मागच्याला. मी ओरडले तरी मान वर केली नाही.

ताईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण आहे, म्हणाली. मी बोलतेय, मी बोलतेय म्हणत राहिले. तिने ठेवून दिला. रडू आलं.

अर्ज मात्र करणार नाही.

१९ मार्च

दुपार. मी स्वयंपाकघरात आहे. बाहेर माझं यंत्र चालतंय—

गेले. कोणी नाही. सुईखाली अभ्रा. टाके माझ्यापेक्षा बारीक.

२० मार्च

वकीलबाईंकडे गेले. चार ओळी लिहून टेबलावर ठेवल्या. त्यांनी त्यावर चहाचा कप ठेवला. माझ्याकडे— माझ्यातून— खिडकीकडे बघत बसल्या.

कशाला मिजास केली मी?

२१ मार्च

दोन्ही मुदती आज संपल्या. सकाळी अकराला बँकेचा साहेब आणि होऊनजाईल पाहणीला आले. मी दार उघडलं. खुर्ची पुढे केली. होऊनजाईल माझ्यासमोर हातभर अंतरावर उभा राहून ‘बाई, आहात का घरात’ म्हणून हाका मारत होता.

मागच्या दाराची कडी निघाली. दोघे आत गेले. बोलणं ऐकू आलं. साहेब हसला.

बाहेर येऊन त्याने लिहिलं ते मी खांद्यावरून वाचलं. पुढच्या खोल्या रिकाम्या. मागच्या खोलीत एक वृद्ध स्त्री, हयात.

२२ मार्च

आरशावर नोटीस दिसते. नोटिशीमागे माझ्या पाठची भिंत दिसते—

कडी निघाली. पावलं. सावकाश येतेय, घर तिचंच असल्यासारखी—

भीती वाटतेय. वाटू दे. खुर्ची सोडणार नाही.

लिहून ठेवते. मुदत संपली असली तरी माझी हरकत आहे. या घरात मी राहते. बैठकीची खोली चौदा बाय अकरा, मी स्वतः मोजली आहे. अभ्रे मी शिवले. पहिले दोन मी—

वहीवर सावली पडली. माझी नाही.

माझी हरकत आहे. मी हया—