ह्यांच्या रकान्यातला भात

३ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.
सकाळची उपाशीपोटीची साखर पुन्हा १९८. डॉक्टर म्हणाले, अशीच राहिली तर डोळ्यांवर येईल. देवाशप्पथ, रात्री त्यांनी सांगितलेला वाटीभर भात नि पालेभाजी, बस. तू रक्त तपासणाऱ्यांतली, तूच सांग चूक कुठे होते.
तुझी ताई

८ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
साखर आपण होऊन चढत नाही गं. रात्रीचा भात सकाळच्या आकड्यात बोलतो. तुझी जेवणाची वही आहे ना, तिच्यातलं एक पान जसंच्या तसं उतरवून पाठव. मॅट्रिकला हिशेबात पैकीच्या पैकी घेणारीची बेरीज चुकते कशी, बघू दे.
तुझी आगाऊ धाकटी

१२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.
हे घे कालचं पान.
मी: भात एक वाटी, पालेभाजी.
हे: भात दोन वाट्या, उकडलेले बटाटे, साखर घालून दूध.
रागावू नकोस. ह्यांना जाऊन चौदा महिने झाले, पण हात तांदूळ दोघांचेच घेतो. ताट वाढून समोर बसते. ह्यांची खुर्ची करकरते, मग जरा वेळाने थांबते. अन्न टाकवत नाही, देवाला काय तोंड दाखवू? म्हणून ते मी संपवते. पण आहे ते ह्यांचंच. माझ्या नावावर कसं मांडू?
तुझी ताई

१७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र दोनदा वाचलं. ताई, रक्त नाव विचारत नाही. भाऊजींचं जेवण तुझ्या अंगी लागतंय. आठ दिवस तांदूळ एकटीचे घे. ताट मांडायचं तर मांड, रिकामं. त्यांना तुझे डोळे फार आवडायचे, एवढं आठव.
रागावलीस तरी लिहीत राहा.
तुझीच धाकटी

२८ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.
आज १३४. डॉक्टर खूश झाले.
पहिल्या दिवशी तांदळाची मूठ डब्यात परत टाकताना वाटलं, ह्यांना दारातून परत पाठवतेय. दोन दिवस रिकाम्या ताटासमोर खुर्ची वाजली. तिसऱ्या दिवसापासून वाजली नाही. मी ती हलवून पाहिली, तेल घातल्यासारखी गप्प.
वहीत ह्यांचा रकाना अजून आखते. कोराच ठेवते.
येऊन जा एकदा. तुझ्यापुरते तांदूळ जास्त घेईन.
तुझी ताई