दोन्ही पारड्यांत

हौगांग, सिंगापूर
१४ सप्टेंबर

प्रिय बाबा,

पत्र बघून दचकला असाल. दर रविवारी अकराला आपला फोन होतो, मग हिला कागद काळे करायची काय गरज पडली, असं म्हणत चष्मा शोधत असाल. आता काळजीचं काही नाही, हे आधीच लिहून ठेवते, कारण तुम्ही पत्र शेवटून वाचायला घ्याल याची मला खात्री आहे. कृपा करून तसं करू नका, ओळीने वाचा. तुमच्या जावयाच्या, म्हणजे उन्मेषच्या, ऑफिसातला निशिकांत पुण्याला येतोय, त्याच्या हाती हे पाठवतेय. त्याला चहा दिल्याशिवाय सोडू नका, आणि त्याच्यासमोर पाकीट फोडू नका.

त्या फोनवर आपण काय बोलतो, तर तिकडे ऊन किती, इकडे पाऊस किती, गॅस आला का, उन्मेषच्या वर्क पासचं रिन्यूअल झालं का. बारा मिनिटांत दोघंही मोकळे. आई होती तेव्हा फोन ठेवण्यासाठी मला तिच्या विनवण्या कराव्या लागायच्या. आपलं बोलणं कधी आटलं ते दोघांनाही माहीत आहे, फक्त कुणी विषय काढत नाही. आज मी काढते. तीन वर्षांपूर्वी आई गेली त्या सकाळी, हॉस्पिटलच्या जिन्यात, मी तुम्हाला म्हणाले, “तुम्ही काटा मारलात, बाबा.” माझी पीएच.डी. पुरी व्हावी म्हणून आईचा आजार तुम्ही चार महिने मला कळू दिला नव्हता, आणि मी पोचले तेव्हा अकरा दिवस उरले होते. वजनमापे खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या, काटा मारणाऱ्या कितीतरी दुकानदारांना वठणीवर आणलेल्या माणसाला मी हे म्हणाले. तुम्ही चष्मा पुसलात आणि कागदांवर सह्या करायला खाली गेलात.

तुमच्या सवयी मात्र माझ्या अंगातून गेलेल्या नाहीत. इथल्या मार्केटात सगळे काटे इलेक्ट्रॉनिक, तरी भाजी ठेवायच्या आधी आकडा शून्यावर आहे का ते मी वाकून बघतेच. परवा भाजीवाली आंटी हसत म्हणाली, “यू इन्स्पेक्टर, इज इट?” मी म्हटलं, मी नाही, माझे वडील. आणि मला बार्शी आठवली. चौथीच्या सुट्टीत तुम्ही मला तपासणीला सोबत नेलं होतं. मखमलीच्या खणांतली ती पितळी वजनं, चिमट्यानेच उचलायची, कारण बोटांच्या घामानेसुद्धा त्यांचं वजन वाढतं. एका गूळवाल्याचा तराजू रिकामा असताना अगदी सरळ होता, गूळ तोलला तेव्हाही. मला वाटलं, झालं, माणूस प्रामाणिक आहे. तुम्ही गूळ डाव्या पारड्यातून उजव्यात ठेवलात, वजनं उजव्यातून डाव्यात, आणि काटा झुकला. दांडीची एक बाजू सूतभर लांब होती. गूळवाला भलभलती कारणं द्यायला लागला तेव्हा तुम्ही शांतपणे म्हणालात, “खऱ्या काट्याला बाजू बदललेली कळत नाही.” त्या दिवशी माझे वडील मला फार मोठे वाटले होते.

पुढे भौतिकशास्त्रात मी जे शिकले ते सगळं त्याच एका वाक्याचं पुढचं प्रकरण आहे. सममिती म्हणजे फुलपाखराचे दोन पंख, असं शाळेत शिकवतात. पण तिचा खरा अर्थ तुमचाच आहे: बदल करावा आणि तरी काही बदलू नये. माझ्या टेबलावरचा प्रयोग सगळ्या साहित्यासकट बार्शीला नेला तरी निकाल तोच येतो, आज केला काय आणि पुढच्या वर्षी केला काय, तोच येतो. शंभर वर्षांपूर्वी एका जर्मन गणितज्ञ बाईंनी सिद्ध केलं की अशा सममितीपाठोपाठ काहीतरी न संपणारं आपोआप येतं. जागा बदलून नियम बदलत नाहीत, म्हणून गतीचा साठा, म्हणजे संवेग, टिकतो, आणि वेळ बदलून बदलत नाहीत, म्हणून ऊर्जा टिकते. ऊर्जा नष्ट होत नाही हे आपण शाळेत घोकतो, पण का होत नाही, तर निसर्गाचे नियम काल आणि आज यांत डावंउजवं करत नाहीत म्हणून. मला तर वाटतं, खरं काय आणि भास काय हे ओळखायची याहून चांगली रीत नाही. जागा बदला, वेळ बदला, बघणारा बदला, एवढं करून जे तसंच उरेल ते खरं. आई असती तर म्हणाली असती, सुरू झालं बापलेकीचं कीर्तन. ती गेल्यावर मला कुणीतरी समजावलं होतं की ऊर्जा कुठे जात नाही, म्हणजे आई आहेच. मला संताप आला होता, अजूनही येतो. ऊर्जा म्हणजे आई नव्हे.

तरी एक गोष्ट मला ती असतानाच कळायला हवी होती. पूर्वी एका प्रयोगात ऊर्जा कमी भरत होती. अणूतून जितकी निघायला हवी तितकी मिळत नव्हती, आणि थोर थोर मंडळी नियमच सोडून द्यायला निघाली. एकाने मात्र म्हटलं, कमी भरतेय म्हणजे न दिसणारं कुणीतरी ती घेऊन जातंय. ते न दिसणारं सापडायला पंचवीस वर्षं लागली, पण ते होतं. आईचे शेवटचे फोन असेच कमी भरत होते. ती लवकर दमायची, स्वयंपाकाचं काही सांगायची नाही, मध्येच फोन तुमच्याकडे द्यायची. हा विषय शिकलेली मी नेटवर्कला दोष देत बसले. तुमच्यावर ओरडले त्यात हा स्वतःवरचा रागही होता, तो मी सगळा तुमच्या पारड्यात टाकला.

गेल्या महिन्यात पहिल्या वर्षाच्या वर्गाला सममिती शिकवायची होती. प्रयोगशाळेच्या कपाटातून एक जुना तराजू काढला, दांडी मुद्दाम थोडी एका बाजूला सरकवली, रिकामी पारडी समतोल दिसतील अशी सोय केली, आणि गुळाच्या जागी सफरचंद ठेवून तुमचा बार्शीचा खेळ करून दाखवला. वर्गात ऋग्वेदा नावाची मुलगी आहे, आईवडील मुंबईचे, ती लहानाची मोठी झाली ती इथे बुकित तिमाहला. तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र कधी मराठीत देत नाही. ती इथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हणाली, “स्केल राँग, देन थ्रो अवे, लाह.” वर्ग हसला. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि गूळवाल्याच्या दुकानातून निघताना तुम्ही मला सांगितलेलंच बाहेर आलं, की काटा खोटा असला तरी त्यावर खरं वजन काढता येतं. एकाच बाजूने तोलून थांबायचं नाही, दोन्ही पारड्यांत तोलायचं. दोन आकडे येतात, दोन्ही चुकीचे. त्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की खरं वजन मिळतं. फळ्यावर लिहिता लिहिता मी कॉलरचा माइक बंद केला आणि मुलांना गणित सोडवायला दिलं.

घरी येताना एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसून आपल्या दोघांची पारडी बदलून बघितली. तीन वर्षं मी एकाच बाजूने तोलत होते. लपवणारे तुम्ही, आणि जिच्यापासून लपवलं ती मी. बाजू बदलायला मला कल्पनासुद्धा करावी लागली नाही, कारण ती मार्चमध्येच बदलली होती.

बाबा, मार्चमध्ये माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालं. थायरॉईडमध्ये गाठ होती, कॅन्सरची. लवकर सापडली, अर्धी ग्रंथी काढली, पुढच्या उपचारांची गरज पडली नाही. मंगळवारी सहा महिन्यांचा रिपोर्ट आला, तो स्वच्छ आहे. त्याची प्रत सोबत जोडली आहे, कारण तोंडी खात्री तुम्हाला चालत नाही. एप्रिलमध्ये तुम्ही फोनवर म्हणाला होतात, “तुझा आवाज पन्नास ग्रॅम कमी भरतोय.” मी म्हटलं, एसीने बसलाय. तुम्ही पुढे विचारलं नाहीत, पण तेव्हापासून दर रविवारी अकराच्या आधी दोन मिनिटं तुमचा फोन येतो, हे माझ्या लक्षात आलंय. उन्मेषला मी शपथ घातली होती. त्याला सांगितलं, बाबांना काळजी नको. ते निम्मं खरं होतं. उरलेल्या निम्म्यात सूड होता, की मागाहून कळणं म्हणजे काय ते त्यांनाही कळू दे. हे लिहिताना लाज वाटते, पण खोडत नाही. आणि उन्मेषचा त्या महिन्यांत पडलेला चेहरा आठवला तेव्हा पहिल्यांदा मनात आलं, की आईनेही तुम्हाला अशीच शपथ घातली होती का? तुम्ही कधी सांगितलं नाहीत, मीही कधी विचारलं नाही. ते चार महिने मला हवे होते, अजून हवे आहेत, हे माझं म्हणणं मी मागे घेत नाही. पण जिन्यात जे बोलले ते मागे घेते. तुमचा काटा थोडा चुकला असेल, माझा तर चुकलाच. दोन्ही पारड्यांत तोलल्यावर तसंच उरलं ते एवढंच, की ज्या माणसाशिवाय आपलं भागत नाही, त्याच्यापासूनच दोघांनी लपवलं. डिसेंबरात सुट्टी आहे, तुम्ही इथे या. आधी तुमची बाजू सांगा, मी मध्ये बोलणार नाही. मग माझी ऐका. आणि हे वाचून झालं की रविवारची वाट बघू नका, लगेच फोन करा. आवाज अजूनही थोडा कमीच भरेल, पण या वेळी मी एसीचं नाव घेणार नाही.

तुमचीच,
जाई